आईवडिलांच्या कामावर कादंबरी लिहायची असेल तर

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, इचलकरंजीत एकोणचाळीस वर्षं यंत्रमागावर कामाला होते. आई कांडीवाली, म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. माझी पहिली कादंबरी त्यांच्यावर आहे आणि ती पुरी व्हायला नऊ वर्षं लागली. त्यातल्या पहिल्या पाच वर्षांत लिहिलेलं एक पानसुद्धा छापलेल्या पुस्तकात नाही. लेखनाच्या कार्यशाळांना जाते तेव्हा मुलं-मुली चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगतात, ताई, माझे वडील हमाल आहेत, माझी आई चार घरची धुणीभांडी करते, आमचं सगळं घर ऊसतोडीला जातं, मला त्यांच्यावर लिहायचंय, कुठून सुरुवात करू? चहाच्या कपाएवढ्या वेळात याचं उत्तर देता येत नाही, आणि घाईनं दिलेलं उत्तर मला नंतर बोचत राहतं. म्हणून इथं नीट सांगते. मी जे केलं, त्यातलं जे उपयोगी पडलं आणि जे चुकलं, ते सगळं.

आधी त्यांचं काम शिकून घ्या

त्या पाच वर्षांत मला आबांचे कष्ट माहीत होते, काम माहीत नव्हतं. ते दमून येतात, खोकतात, घरातसुद्धा मोठ्यानं बोलतात, रातपाळी असली की दिवसा झोपतात आणि तेव्हा आम्ही पोरांनी पायरीवर बसून मुकाट अभ्यास करायचा, एवढं मी पाहिलं होतं. बारा तास ते कारखान्यात नेमकं काय करतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यामुळे माझ्या कागदावर नुसता एक दमलेला माणूस होता. त्याला उचलून साखर कारखान्यात ठेवला असता, वीटभट्टीवर ठेवला असता, तरी एक वाक्य बदलावं लागलं नसतं.

एका दिवाळीत घरी गेले होते. बोलता बोलता विचारलं, "आबा, धागा तुटला की काय करता?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठला? उभा का आडवा?"

माझी कादंबरी त्या प्रश्नापासून सुरू झाली. मला हे दोन वेगळे धागे असतात एवढंही ठाऊक नव्हतं, आणि मी त्यांच्यावर दोनशे पानं लिहून बसले होते.

आडवा धागा धोटा नेतो, आणि धोट्यात सुताची कांडी असते. आडवा तुटला किंवा ती कांडी संपली, तर माग आपोआप थांबतो. धोटा काढायचा, रिकामी कांडी काढून भरलेली बसवायची, धागा धोट्याच्या डोळ्यातून बाहेर घ्यायचा, धोटा जागेवर ठेवून माग सुरू करायचा. हे दर काही मिनिटांनी, प्रत्येक मागावर. उभा तुटला तर काम वेगळं. उभं सूत गुंडाळलेल्या बीमावरून आलेल्या शेकडो धाग्यांतला तुटलेला हुडकायचा, त्याला जोड द्यायचा, वहीच्या, म्हणजे उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि फणीच्या दातांतून तो पुढं ओढून घ्यायचा. हे डोळ्यांचं काम. आबांना पन्नाशीत चष्मा लागला तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. मला तेव्हा वाटलं होतं, चष्म्यासाठी एवढं काय?

जोड द्यायची गाठ त्यांनी मला त्याच दिवशी शिकवली. घरातलं शिवायचं रीळ आणायला लावलं. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात दोन टोकं फुलीसारखी धरली. उजव्या हातानं एका धाग्याचा वेढा अंगठ्याच्या नखामागून फिरवला, दुसरं टोक त्यात दाबलं, ओढलं. मला दिसलंसुद्धा नाही. "परत," म्हटलं. परत केलं, आणखी सावकाश. ती गाठ मी चाळीसेक वेळा मारली असेल. जेव्हा जमली असं वाटलं तेव्हा आबांनी ती हातात घेतली, नखावरून ओढून बघितली आणि म्हणाले, "अडकंल." गाठ जाड झाली तर ती फणीच्या दातात अडकते आणि धागा पुन्हा तुटतो. त्यांच्या नखाला जे कळलं ते माझ्या डोळ्याला दिसत नव्हतं.

तुम्हीही हेच करा. कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी त्यांच्या कामातली एक कृती स्वतःच्या हातानं शिका, जमेपर्यंत. आई भाकरी विकत असेल तर शंभर भाकरींचं पीठ मळून पाहा. वडील हमाल असतील तर पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेताना मान कुठल्या बाजूला कलते, पाय आधी कुठला पडतो, हे त्यांच्यासमोर करून बघा. ते हसतील, हसू द्या. हसता हसता ते तुम्हाला दुरुस्त करतात, आणि ती दुरुस्ती मुलाखतीत कधीच मिळत नाही.

मग हिशेब. मजुरी कशी मोजतात ते समजल्याशिवाय त्या घरातली चिंता लिहिता येत नाही. इचलकरंजीत मजुरी मीटरवर आहे आणि दर ठरतो तो ५२ पिकाच्या कापडावर. पिक म्हणजे एका इंचात बसलेले आडवे धागे. मी एकदा कागद घेऊन बसले. मीटरला ३९.३७ इंच, इंचाला ५२ धागे, म्हणजे एका मीटरला धोटा २,०४७ वेळा इकडून तिकडे जातो. माग मिनिटाला १२० फेऱ्यांनी धरला तर एक मीटर व्हायला सतरा मिनिटं लागतात, तीसुद्धा न थांबता. बारा तासांच्या पाळीत एका मागावर जास्तीत जास्त बेचाळीस मीटर. आता समजा वीज गेली. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ती रोज तासन्‌तास जायची. माग बंद, मीटर बंद, मजुरी बंद, पण माणूस मात्र कारखान्यातच बसून, कारण वीज कधी येईल सांगता येत नाही. हा हिशेब मांडल्यावर मला लहानपणीची एक गोष्ट उलगडली. वीज गेली की आमच्या गल्लीतली पोरं आरडाओरडा करत बाहेर पळायची, आणि आई तेवढ्यात देवापुढं उदबत्ती लावायची. मी ते भक्तीत जमा केलं होतं.

प्रत्येक धंद्याचा असा हिशेब असतो आणि त्याचे शब्द असतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिथं बाई स्वतंत्रपणे मोजलीच जात नाही, हे त्या एका शब्दात आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली की नाही यावर पुढच्या वर्षीची वाट ठरते. मालाची चढ-उतार करणाऱ्यांत वाराई, म्हणजे त्या चढ-उताराची मजुरी, हा शब्द आहे, आणि १९६९ चा माथाडी कायदा येण्याआधीची आणि नंतरची वाराई यांत काय फरक पडला हे त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तुम्हाला एक अख्खं प्रकरण मिळेल. आमच्याकडे कांडीवाला, वहिफणीवाला, घडीवाला, जॉबर, दिवाणजी ही कामाची नावं आहेत. ती जशीच्या तशी वापरा. तळटीप देऊ नका. दुसऱ्यांदा शब्द आला की वाचकाला अर्थ कळतो.

कामाच्या जागी जायला मिळालं तर पूर्ण पाळीभर थांबा. तासभर थांबून निघालात तर तुम्हाला फक्त आवाज आणि धूळ दिसेल, आणि तेवढंच लिहाल. मी दिवाणजींना विनंती करून एका कारखान्यात रातपाळीला थांबले. केस घट्ट बांधून, ओढणी घरी ठेवून, कारण पट्ट्यात अडकायला वेळ लागत नाही. पहिले दोन तास डोकं फुटेल असं वाटलं. चौथ्या तासाला खटखटीतले वेगवेगळे माग कानाला वेगळे वाटायला लागले. मध्यरात्रीनंतर एक कामगार पाठ करून उभा असताना थबकला, वळला आणि सरळ पाचव्या मागाकडे गेला. तो माग थांबला होता. एवढ्या गोंगाटात एक आवाज कमी झाला, हे त्याला पाठीमागून कळलं. आणि हीच माणसं घरी आली की मागून हाक मारली तर ओ देत नाहीत. आबांना आई खांद्याला हात लावून बोलवायची. मी बरीच वर्षं तो हात प्रेमाचा समजत होते. प्रेम असेलही. पण आबांना ऐकू येत नव्हतं.

त्या रात्री आणखी एक समजलं. मागाच्या खात्यात संवाद नसतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात दोन कामगार माग चालू असताना पान-दीड पान बोलत होते. तिथं माणसं ओठ वाचतात आणि हातानं बोलतात. तळहात उताणा करून बोटं मिटली की चहा, मनगटावर दोन बोटं आपटली की वेळ काय झाली. मी ते सगळे संवाद काढून टाकले.

घरच्यांना विचारायचं कसं

"तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?" हा प्रश्न विचारू नका. आमच्या घरांत त्याला एकच उत्तर असतं, "काय वाटायचं?" आणि बोलणं तिथं संपतं. 'कसं वाटलं' ऐवजी 'कसं केलं' विचारा. पहिल्या दिवशी माग कुणी दाखवला? जेवणाची सुट्टी किती, डबा कुठं ठेवायचा, तो उंदरानं खाऊ नये म्हणून काय करायचं? पगार कुणाच्या हातात द्यायचा? चूक झाली तर पैसे कसे कापायचे? कापडात डाग आला तर? अशा प्रश्नांवर माणूस अर्धा तास बोलतो, आणि त्याला काय वाटलं ते बोलण्यात आपोआप येतं.

आबा १९७२ च्या दुष्काळात जत तालुक्यातून आले. दुष्काळाबद्दल विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "वंगाळ दिस होतं." मग एकदा मी विचारलं, खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची ती कशात घ्यायचा? तेव्हा त्यांनी सांगितलं की घरात भांडी होती, पण भाऊ-भाऊ एका कामावर असल्यानं पितळी एकच न्यायची, आणि धाकट्यानं आधी खायचं. मोठा म्हणून आबांना खरवडीची सुकडी मिळायची. ती करपलेली असायची आणि त्यांना आजही करपलेली बाजू आवडते. आई दूध आटवते तेव्हा भांड्याच्या बुडाची खरवड ते मागून घेतात. मी तीस वर्षं बघत होते.

फोनवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर सांगून करा, पण फोन समोर मधोमध ठेवू नका. बोलणं काहीतरी काम चालू असताना करा. तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना, दोरीवर कपडे वाळत घालताना. आई हात रिकामे असले की बोलत नाही. तिच्या हाताला काम दिलं की ती सुरू होते. ज्यांचं ऐकणं कमी झालंय त्यांच्याशी बोलताना तोंडासमोर बसा आणि दिवा तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं बसा. आणि त्याच रात्री लिहून काढा. सकाळपर्यंत त्यांचे शब्द जाऊन तुमचे शब्द आलेले असतात.

घरातले कागद

कामगारांच्या घरात कागद नसतात असं लोक समजतात. पत्रं, रोजनिशा नसतील. पण आईच्या ट्रंकेत मला शिधापत्रिका मिळाली, दुकानाच्या उधारीच्या तीन वह्या, भिशीचा हिशेब, विम्याच्या पावत्या, दादाचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि बावीस वर्षांचे कालनिर्णय. आमच्याकडे जुनं कॅलेंडर फेकत नसत. त्यावर दुधाचा खाडा, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कुणाचं बारसं, कुणाची बाराव्याची कार्यं, सगळं असतं. काही महिन्यांत आबांनी चौकोनात बारीक आकडे लिहिले होते. ते पाळीचे मीटर होते. दिवाणजींच्या वहीशी ताडून बघण्यासाठी.

माझ्या कादंबरीचा कालपट मी त्या कालनिर्णयांवरून बसवला. आठवणी वर्षांची गल्लत करतात. आई म्हणायची, आजी वारली तेव्हा संप चालू होता. कॅलेंडरनं सांगितलं की दोन्हीत चार महिन्यांचं अंतर आहे. मग मी विचार करत बसले की आईनं या दोन गोष्टी एकत्र का बांधल्या असतील, आणि त्यातून एक प्रकरण झालं. कागद आणि आठवण जिथं जुळत नाहीत तिथं थांबा. आईला खोटं पाडायचं नाही, फक्त तिथं थांबायचं.

दादाच्या दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणापुढं 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं होतं. तो नववीत होता. याबद्दल पुढं सांगते.

खोडायचे शब्द

पहिला खर्डा झाला की लाल पेन घेऊन बसा आणि हे शब्द शोधा: काबाडकष्ट, घाम गाळणे, पोटाची खळगी, अठराविश्वे दारिद्र्य, हाडाची काडं, पिचलेला, सोशीक. दिसला की खोडा. हे शब्द खोटे आहेत असं मी म्हणत नाही. माझी आई स्वतः 'हाडाची काडं केली' असं म्हणते आणि तिच्या तोंडी तो शब्द मला मान्य आहे, कारण तिनं केलीत. पण निवेदन करणाऱ्या लेखिकेनं तो वापरला की वाचकाला पुढं काही बघायचं उरत नाही. तो हळहळतो आणि पान उलटतो.

माझ्या पहिल्या खर्ड्यात असं वाक्य होतं: 'आई दिवसभर काबाडकष्ट करून आमच्या पोटाची खळगी भरायची.' छापलेल्या पुस्तकात त्या जागी असं आहे: 'आईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक बारीक खाच होती. कांडी भरताना धागा तिथून पळायचा. भाकरी थापताना पिठावर त्या खाचेची रेघ उठायची, आणि आम्ही भावंडं आपल्या भाकरीवर रेघ आली की नाही ते बघायचो.' दुसऱ्यात आईचे कष्ट कमी झालेत का?

आनंदाबद्दलही लिहा. हे मुद्दाम सांगते, कारण मजुरांच्या घरावर लिहिताना सुख लिहायला आपल्याला अपराधी वाटतं. पगाराच्या दिवशी आबा भडंग आणायचे. वर्षातून एकदा नरसोबाच्या वाडीला जायचो, येताना कवठाची बर्फी. आबांना कुस्तीचं वेड, आईला सिनेमाचं. रातपाळी सुटून आलेली माणसं सकाळी मिसळ खात खात जे हसायची, तसं हसणं मी नंतर फार ठिकाणी पाहिलं नाही. ज्या पुस्तकात ही माणसं एकदाही हसत नाहीत, ते पुस्तक त्यांना ओळखत नाही.

आणि स्वतःला वगळू नका. मी पुण्यात वसतिगृहात राहत असताना कुणी विचारलं की सांगायचे, "वडील टेक्स्टाईलमध्ये आहेत." ते ऐकून लोक समजायचे, मालक असतील, निदान मॅनेजर. मी ते समजू द्यायचे. तीन वर्षं. आबा एकदा न सांगता भेटायला आले, हातात पिशवी, केसांत सुताची लव अजून चिकटलेली, रातपाळी करून सरळ एसटीनं आलेले. मी त्यांना फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं. आत नेलं नाही. त्यांनी काही विचारलं नाही. चहा पिऊन, पिशवी देऊन गेले. पिशवीत मेथीचे लाडू होते.

हे मी सात खर्ड्यांपर्यंत लिहिलं नव्हतं. आठव्यात लिहिलं. त्याआधी माझ्या निवेदनात कुठंतरी एक खोटा सूर लागत होता आणि तो कशामुळे लागतोय ते मला सापडत नव्हतं. आपण शिकून बाहेर पडलो, त्यांच्या घामावर पडलो, आणि पडताना त्यांना लपवलं, हे ज्यानं केलंय त्यानं ते लिहिल्याशिवाय त्यांच्यावर लिहू नये, असं माझं मत आहे. कडक वाटेल, पण आहे.

भाषा

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी करतो', 'मी गेलो' म्हणतात. माझी आई तसंच बोलते, मीही घरी तसंच बोलते. हस्तलिखित एका प्रकाशकाकडे गेलं तेव्हा तिथल्या संपादकांनी आईच्या तोंडचं प्रत्येक 'गेलो' दुरुस्त करून 'गेले' केलं होतं. एकशे बारा ठिकाणी. समासात लिहिलं होतं, 'लिंग तपासावे'. मी त्यांना फोन करून सांगितलं की तपासलंय, ती बाई आहे आणि ती असंच बोलते. ते म्हणाले, वाचकांचा गोंधळ होईल. तेव्हा माझ्याकडे दुसरा प्रकाशक नव्हता, तरी मी हस्तलिखित परत मागवलं. दुसरा मिळायला चौदा महिने लागले.

तुम्ही या गोष्टीवर अडून बसा असं मी सांगेन. बाकी शंभर गोष्टींत संपादकाचं ऐका, माझंही पुस्तक संपादनानं सुधारलं. पण माणसाच्या तोंडचं क्रियापद काढून घेऊ देऊ नका.

बोली लिहिताना मात्र एक सांभाळा. प्रत्येक शब्द मोडून लिहू नका. 'व्हय', 'न्हाई', 'कशापायी' एवढ्यावर लय पकडता येते. शुद्धलेखन मोडण्यापेक्षा वाक्याची चाल पकडणं महत्त्वाचं. आई कधीच 'मला राग आला' म्हणत नाही, ती म्हणते, 'मग काय, गप बसलो.' तिचा राग त्या 'मग काय' मध्ये आहे. आणि गल्लीतल्या सगळ्यांना एकच मराठी देऊ नका. आमच्या ओळीत एक घर कानडी बोलायचं, एक तेलुगू, पुढच्या ओळीत उत्तरेकडून आलेली माणसं. माझी आजी जतची, ती देवाशी कानडीत भांडायची आणि आमच्याशी मराठीत.

नारायण सुर्वे गिरणीत राबले, नंतर मुंबईत पालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले. त्यांच्या कविता मी इचलकरंजीच्या आपटे वाचन मंदिरातून आणून वाचल्या तेव्हा सोळा वर्षांची होते. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की या माणसानं आपल्या रस्त्यावरचे शब्द दारात चपला काढून ठेवाव्यात तसे बाहेर काढून ठेवले नव्हते.

छापण्याआधी वाचून दाखवा

दादा नववीतून मागावर गेला म्हणून मी पुढं शिकले. घरात दोघांचं शिक्षण पेलणार नव्हतं, आणि तो थोरला. हे मी एका दिवाळी अंकातल्या कथेत लिहिलं, त्याला न विचारता. नाव बदललं होतं. पण दाखला, मास्तरांनी घरी येऊन घातलेली समजूत, त्यानं भिंतीला तोंड करून काढलेला तो दिवस, सगळं जसंच्या तसं. अंक त्याच्या कारखान्यात कुणीतरी वाचला आणि त्याला दाखवला. तो माझ्याशी अकरा महिने बोलला नाही. वहिनीनं फोनवर सांगितलं, तो म्हणतो, आधी माझी नववी घेतलीस, आता ती विकलीस.

याला उत्तर नाही. मी अजूनही शोधलेलं नाही.

तेव्हापासून मी तीन वह्या करते. एकीत जे माझं आहे ते, म्हणजे माझी लाज, माझी भूक, माझी परीक्षा. ते लिहायला कुणाला विचारायची गरज नाही. दुसरीत जे घराचं मिळून आहे ते. कर्ज, आजारपण, भांडणं. ते लिहिते, पण छापण्याआधी वाचून दाखवते. तिसरीत जे फक्त त्यांचं आहे ते. ते त्यांनी हो म्हटलं तरच, आणि मेल्यावरसुद्धा तोच नियम. तिसऱ्या वहीत माझ्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ती बहुधा तिथंच राहील.

कादंबरीचं हस्तलिखित मी घरी नेलं आणि अकरा संध्याकाळी मोठ्यानं वाचलं. आबा समोर, ऐकू यावं म्हणून मी जवळजवळ ओरडत वाचत होते, त्यामुळे शेजारचेही ऐकत होते. दादा पहिल्या दिवशी दारात उभा राहिला, तिसऱ्या दिवशी आत येऊन बसला. त्याच्या प्रकरणाच्या वेळी मी थांबले आणि त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "वाच की." संपल्यावर म्हणाला, "मास्तर दोनदा आलते. एकदा न्हाई." मी ते दुरुस्त केलं.

मला भीती होती आईच्या एका प्रसंगाची. तिचं डोरलं सावकाराकडे ठेवलं तेव्हा ती रात्री चुलीपुढं रडते, असं मी लिहिलं होतं. आई मेथी निवडत होती. हात थांबला.

"तिथं मी रडलो न्हाई," म्हणाली.

"मग काय केलंस?"

"दुसऱ्या दिवशीचं बघत हुतो. पीठ किती हाय त्ये."

ते तसंच पुस्तकात आहे. आणि डोरल्याबद्दल लिहिल्याचा तिला राग येईल असं मला वाटत होतं, तो आलाच नाही. तिला राग आला तो दुसऱ्याच जागी, जिथं मी लिहिलं होतं की ती भरलेली कांडी टोपलीत टाकते. "टाकत न्हाईत," ती म्हणाली, "ठिवत्यात. टाकली तर सूत निसटतंय. लोक काय म्हणतील?"

वेळ

नोकरी सांभाळून लिहायचं असेल तर रोज ठरलेली वेळ हवी, एवढंच सांगते. मी पहाटे पाच ते सात लिहिते. आबांची पाळी चुकवण्याची पद्धत नव्हती, ताप असला तरी जायचे, बदली माणूस मिळाला तरच घरी. मी तसंच धरते. ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशी जुनं पान स्वच्छ अक्षरात उतरवून काढते. आणि किती झालं ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते, बारीक आकड्यात.

पुस्तक आलं तेव्हा आबांनी चष्मा लावून, बोट ठेवून, महिनाभर वाचलं. काही बोलले नाहीत. मग एका रविवारी मला फोन आला. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून ते स्वतःच बोलतात आणि ठेवून देतात. म्हणाले, "पान त्र्याण्णव. चार माग लिवलंयस. त्या साली सहा हुते माझ्याकडं." आणि ठेवला.

दुसऱ्या आवृत्तीत सहा आहेत.